कराड ते सॅन होजे

ज्यांनी कधी महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर काम केलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाहुण्या लेखकाचं भाषण हा आपल्या वर्षभराच्या कार्यक्रमांतला सगळ्यात अवघड भाग असतो. जेवणाचं जमतं, नाटकाचं जमतं, ढोल-ताशाचंही आता छान जमायला लागलं आहे. पण ‘साहित्यिक कार्यक्रम’ म्हटला की चर्चा सुरू होते. वेळ किती द्यायचा? जेवणाआधी ठेवायचा की नंतर? नंतर ठेवला तर मंडळी पार्किंग लॉटमध्ये गप्पा मारत असतात, आधी ठेवला तर पोळ्या गार होतात! आणि मग शेवटी एक प्रश्न येतो, जो नेहमी जरा हळू आवाजात विचारला जातो. “ते काही भलतंसलतं बोलणार नाहीत ना?”

हा प्रश्न एके वर्षी मीच विचारला होता. त्याची हकीकत पुढे सांगणार आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण हा प्रश्न काही आपल्या कमिटीने शोधून काढलेला नाही. मराठी लेखक एकत्र जमून व्यासपीठावरून बोलू लागले त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षं होत आली, आणि कोणी बोलायचं, काय बोलायचं, हा वाद पहिल्या काही वर्षांतच सुरू झाला.

गोष्ट १८७८ सालची. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख या दोघांनी फेब्रुवारीत ‘ज्ञानप्रकाश’मधून एक आवाहन केलं, की मराठी ग्रंथकारांनी एकत्र यावं. त्याप्रमाणे ११ मे १८७८ रोजी पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. अध्यक्ष स्वतः रानडेच. मराठीत ग्रंथ वाढावेत, लिहिणाऱ्याला उत्तेजन मिळावं, असा साधा हेतू होता. आज ज्याला आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची मोजणी या सभेपासून होते.

दुसरी सभा सात वर्षांनी, १८८५ मध्ये, पुन्हा पुण्यातच भरली. अध्यक्ष होते कृष्णशास्त्री राजवाडे. या सभेचं निमंत्रण रानड्यांनी महात्मा जोतीराव फुल्यांनाही पाठवलं होतं. जोतीराव आले नाहीत. पण नुसते गैरहजर राहिले नाहीत, त्यांनी पत्र लिहून कारण कळवलं, आणि ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आलं. पत्राचा मथितार्थ असा, की ज्यांच्या ग्रंथांमधून आणि सभांमधून सर्व माणसांना माणुसकीचे हक्क मनापासून दिले जात नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही. आमचं काय ते आम्ही बघू.

मला नेहमी वाटतं, की मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासातलं पहिलं मोठं भाषण हे न झालेलं भाषण आहे. त्या सभेत कोण काय बोललं हे आज फारसं कोणाला आठवत नाही. न आलेल्या माणसाचं पत्र मात्र अजून वाचलं जातं.

“आमचं आम्ही बघू” हे नुसतं रागाने म्हटलेलं वाक्य नव्हतं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष झाले, ‘तराळ-अंतराळ’ लिहिणारे, आटपाडीच्या महारवाड्यात वाढलेले. जोतीरावांच्या पत्रापासून तिथवर यायला नव्व्याण्णव वर्षं लागली. आणि तरीही १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन वेगळं भरवावंसं लोकांना वाटलंच.

बायकांची गोष्ट याहून निराळी नाही. १८७८ पासून पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला १९६१ साल उजाडावं लागलं. त्या कुसुमावती देशपांडे, आणि संमेलन होतं ग्वाल्हेरला. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. इतक्या वर्षांत, इतक्या संमेलनांत, फक्त सहा जणी!

आता आपल्यासारख्या घरापासून लांब राहणाऱ्यांसाठी एक मजेची गोष्ट. संमेलन पुण्या-मुंबईत बसून राहिलं नाही. मराठी माणूस जिथे जिथे पोटासाठी, नोकरीसाठी किंवा पेशव्यांच्या फौजेबरोबर जाऊन स्थायिक झाला, तिथे ते त्याच्या मागोमाग गेलं. १९०९ मध्ये बडोदा, १९१७ मध्ये इंदूर, १९२८ मध्ये ग्वाल्हेर, १९३१ मध्ये हैदराबाद. १९३० मध्ये तर ते पोर्तुगीज राजवटीतल्या मडगावला भरलं होतं, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. पुढे कारवार, अहमदाबाद, दिल्ली, भोपाळ, रायपूर, आणि २०१५ मध्ये संत नामदेवांमुळे थेट पंजाबातलं घुमान. म्हणजे ‘महाराष्ट्राबाहेर कशाला?’ हा प्रश्न आपल्यावरून सुरू झाला असं मानायचं काही कारण नाही. तो आपल्या आजोबा-पणजोबांनाही विचारला गेला असणार.

संमेलनातल्या बोलण्याने खरोखर काही घडतं का? असं विचारणाऱ्यांना मी बेळगावचं उदाहरण देतो. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावला संमेलन भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, कादंबरीकार आणि नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. मराठी बोलणारी माणसं मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजामाचं राज्य, गोवा आणि लहानमोठी संस्थानं यांत विखुरलेली होती. या संमेलनात या सगळ्यांचं मिळून एक राज्य व्हावं, असा संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्र परिषद भरली, आणि पुढचा सगळा लढा, १०६ हुतात्मे आणि १ मे १९६० हे आपण शाळेत शिकलो आहोत. राज्य मागणारा हा ठराव एका साहित्य संमेलनात झाला होता, हे मात्र शाळेत ओझरतंच येतं.

आणि ज्या गावात तो ठराव झाला ते गाव राज्याबाहेरच राहिलं! १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि आज ते कर्नाटकात आहे. २००० साली संमेलन पुन्हा बेळगावला भरलं तेव्हा अध्यक्ष होते य. दि. फडके, संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास ज्यांनी कागदपत्रं चाळून लिहिला ते. व्यासपीठावरून बोललेलं कधी खरं होतं, पण बोलणाऱ्याच्या घरी ते पोचेलच असं नाही. बेळगावकरांना हे सांगावं लागत नाही.

आता माझ्या गावाकडे येतो.

मी कराडचा. बाबा तिथे शाळेत मराठीचे शिक्षक होते. १९७५ च्या डिसेंबरात आमच्या गावात साहित्य संमेलन आलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. गावात लग्नघरासारखी धांदल होती. कोणाच्या घरी कोण साहित्यिक उतरणार याच्या गप्पा किराणा दुकानात चालायच्या. जून महिन्यात देशात आणीबाणी लागू झाली होती, हे मला त्या वयात ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला एवढंच कळायचं, की हल्ली बाबांचे मित्र ओट्यावर बसून बोलायचे थांबले होते. ते आत येऊन बोलायचे.

संमेलनाच्या अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ लिहिणाऱ्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, आमच्या कराडचे यशवंतराव, त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री. ज्या सरकारने आणीबाणी आणली त्याचे मंत्री यजमान, आणि लेखनस्वातंत्र्यावर गदा आली आहे असं उघड म्हणणाऱ्या बाई अध्यक्ष! वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते. जयप्रकाश नारायण नोव्हेंबरात सुटले होते, पण मूत्रपिंडाच्या आजाराने मुंबईत हॉस्पिटलात होते.

बाबा मला बरोबर घेऊन गेले होते. मंडपात मी होतो, म्हणजे होतो एवढंच! मला आठवतात समोरच्या लोकांच्या पाठी, पायाखालची धूळ, स्वेटर टोचत होता ते, आणि बाबा मांडीवर वही ठेवून भराभर लिहीत होते ते. दुर्गाबाई स्वातंत्र्याबद्दल बोलल्या. लेखकाला निर्भयपणे लिहिता आलं नाही तर साहित्याला अर्थ उरत नाही, हे त्यांनी त्या मंडपात, त्या यजमानांसमोर सांगितलं. आणि जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी, असं आवाहन केलं. सरकारने ज्याला देशाचा धोका ठरवलं होतं त्या माणसासाठी प्रार्थना!

परत येताना मी बाबांना विचारलं, “बाबा, कोण आजारी आहेत?”

बाबा म्हणाले, “हळू बोल.”

त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, दुर्गाबाईंना अटक झाली. ही बातमी बाबांनी आईला स्वयंपाकघरात सांगितली होती, तीसुद्धा हळू आवाजात.

दुर्गाबाईंबद्दल बोलताना यशवंतरावांवर झोड उठवायची आपल्याकडे पद्धत आहे. मी कराडचा असल्यामुळे म्हणा, मला ते तितकं सरळ वाटत नाही. त्यांनी स्वागताध्यक्षपद सोडलं नाही, आणि बाईंचं भाषणही झालं. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण धाडस कोणाचं होतं याबद्दल शंका नाही. यजमानाचं मंत्रिपद तसंच राहिलं. बोलणाऱ्या बाईंना तुरुंग मिळाला.

यानंतर तीस वर्षांनी, २००५ साली, मी इथे आमच्या मंडळाच्या कमिटीवर होतो. पुण्याहून एक लेखक अमेरिकेच्या दौऱ्यावर येणार होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी आधी इमेलवर कळवलं होतं, की इथल्या मराठी लोकांच्या वधू-वर मेळाव्यांत आणि जाहिरातींत जात कशी विचारली जाते, याच्यावर त्यांना बोलायचं आहे. इथल्या श्रोत्यांशी त्यावर चर्चा झाली तर बरं होईल. कमिटीत कोणीतरी म्हणालं, “अहो, आपलाच मेळावा पुढच्या महिन्यात आहे.” मग तो प्रश्न आला, भलतंसलतं बोलणार नाहीत ना? आणि फोन करायचं काम माझ्याकडे आलं. नाही, खरं सांगायचं तर मीच ते अंगावर घेतलं.

मी म्हटलं, “सर, आपल्याकडे लहान मुलं, आजी-आजोबा सगळेच असतात. जरा हलकंफुलकं ठेवाल का?”

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ठेवतो की.”

त्यांनी चाळीस मिनिटं प्रवासातल्या गमतीजमती सांगितल्या. लोक पोट धरून हसले. कार्यक्रम ‘हिट’ झाला. शेवटी मी शाल आणि श्रीफळ दिलं, तेव्हा ते माझा हात हातात घेऊन अगदी हसतमुखाने म्हणाले, “झालं ना तुमचं काम?”

मी तेव्हाही हसलोच होतो. पण पोळी घशाखाली उतरली नाही त्या दिवशी.

मग आलं २००९. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, त्याच्या आदल्या वर्षी मोठा वाद झाला होता. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने, म्हणजे महाराष्ट्रातल्या साहित्यसंस्थांनी मिळून १९६१ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेने, वार्षिक संमेलनच बे एरियात भरवायचं ठरवलं होतं. महाराष्ट्रात त्यावर रान उठलं. एवढ्या लांब सामान्य वाचक कसा जाणार? संमेलन कोणासाठी, वाचकांसाठी की फिरायला जाणाऱ्यांसाठी? प्रश्न काही चुकीचे नव्हते. अखेर तोडगा निघाला. अखिल भारतीय संमेलन महाराष्ट्रातच, महाबळेश्वरला व्हावं, आणि इथे पहिलं विश्व साहित्य संमेलन भरावं. ते फेब्रुवारी २००९ मध्ये सॅन होजेला भरलं. पुढे दुबई आणि सिंगापूरलाही विश्व संमेलनं झाली.

सॅन होजेच्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. गंगाधर पानतावणे. औरंगाबादचे प्राध्यापक, ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचे संपादक. दलित लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांचं पहिलं लेखन ज्या पानांवर छापून आलं, ते हे नियतकालिक. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर त्यांनी संशोधन केलेलं. म्हणजे बघा, ज्या सभेला जोतीरावांनी १८८५ मध्ये “आमचं आम्ही बघू” म्हणून पत्र पाठवलं, तिची परंपरा सातासमुद्रापार आली तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीवर फुले-आंबेडकरांच्या विचारातला माणूस होता. मला हा योगायोग फार मोठा वाटला.

मी स्वयंसेवक होतो. विमानतळावरून पाहुणे आणणं, चहाच्या टेबलावर उभं राहणं, अशी कामं. बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, वय बहात्तर. थंडीतही धोतर-कोट घालून पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते. दिवसभर एकही कार्यक्रम त्यांनी सोडला नाही. वही मात्र काढली नाही. मी विचारलं, “बाबा, लिहून नाही घेत?” तर म्हणाले, “आता ऐकतो फक्त.”

रात्री गाडीतून घरी येताना मी त्यांना त्या २००५ च्या फोनबद्दल सांगितलं. चार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. मला वाटलं बाबा रागावतील. मराठीचे मास्तर ते! पण ते बराच वेळ फ्रीवेकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “मी तरी काय वेगळं केलं?”

मग त्यांनी सांगितलं. कराडच्या मंडपात दुर्गाबाईंचं भाषण त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. दोन पानं भरली होती. मधे काही आठवडे गेले. गावात इकडून तिकडून बातम्या यायच्या, याला बोलावलं, त्याची चौकशी केली. एका रात्री त्यांनी ती दोन पानं फाडली आणि सकाळी बंबात घातली. “कोणी विचारायलाही आलं नव्हतं रे,” बाबा म्हणाले. “कोणी सांगितलंही नव्हतं. माझं मीच फाडलं. तू आणि ताई लहान होतात. मला नोकरीची भीती वाटली.”

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “बाई बोलल्या ते बोलल्याच. मी फाडलं म्हणून ते पुसलं गेलं नाही. पण माझ्या वहीत नाही राहिलं.”

पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, महाबळेश्वरचं संमेलन होतं. निवडून आलेले अध्यक्ष होते ‘झोंबी’कार आनंद यादव. कागलच्या शेतकऱ्याच्या घरातून, आपल्या मातीच्या भाषेतून आलेला लेखक. त्यांच्या तुकाराम महाराजांवरच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं. तरी विरोध थांबला नाही, आणि संमेलनाच्या तोंडावर त्यांनी अध्यक्षपद सोडलं. ते संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. बाबा रोज सकाळी माझ्या लॅपटॉपवर मराठी पेपर वाचायचे. ही बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, “आणीबाणीत निदान अध्यक्ष होत्या.”

मला वाटतं, ज्या कादंबरीने श्रद्धा दुखावली गेली त्यांचं दुःखही खोटं नव्हतं. तुकोबा आपल्या सगळ्यांचेच. पण भाषण ऐकून मग ‘हे पटलं नाही’ म्हणणं वेगळं आणि भाषणच होऊ न देणं वेगळं. पाच आठवड्यांच्या अंतराने एक भरलेली खुर्ची आणि एक रिकामी खुर्ची पाहिल्यावर हा फरक मला नीट कळला.

बाबा २०१६ मध्ये गेले. कराडचं घर आवरताना ती वही सापडली. डिसेंबर १९७५ ची तारीख आहे, मंडपात जाताना किती वाजले ते आहे. मग शिवणीपाशी फाडलेल्या दोन पानांच्या कडा. आणि त्याच्या पुढच्या पानावर दुधाच्या रतिबाचा हिशेब. ती वही आता इथे माझ्या कपाटात आहे.

तीन वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळला संमेलन होतं. उद्घाटक म्हणून ज्येष्ठ इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांचे वडील रणजित पंडित मूळचे मराठी घराण्यातले, ‘राजतरंगिणी’चा इंग्रजी अनुवाद करणारे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाई मराठी संमेलनाच्या उद्घाटक कशाला, असा विरोध सुरू झाला, आणि त्या सरकारवर टीका करतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन वेळी त्यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. पण पुढे काय झालं? सहगलबाईंचं भाषण लिहून तयार होतं. ते वर्तमानपत्रांत छापून आलं, मराठीत अनुवाद होऊन हजारो लोकांनी वाचलं. संमेलनाचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झालं. आणि अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात निमंत्रण मागे घेणं चूक होतं हे त्याच व्यासपीठावरून सांगितलं. मी इथे बसून ते ऐकलं तेव्हा बाबांची फार आठवण झाली.

१८८५ मध्ये न आलेल्या माणसाचं पत्र उरलं. २०१९ मध्ये न आलेल्या बाईंचं भाषण उरलं. दोन्ही वेळा सभा सुरळीत पार पडली असेल, चहा-जेवण झालं असेल, आभार मानले गेले असतील. लक्षात राहिलं ते आमंत्रणाच्या आड आलेलं बोलणं.

मंडळी, आपण काही अखिल भारतीय संमेलन भरवत नाही. आपला कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होतो, दीड-दोनशे लोक असतात. इथे कोणाला बोलल्याबद्दल तुरुंग नाही की नोकरी जाण्याची भीती नाही. म्हणूनच मला माझ्या त्या फोनची जास्त लाज वाटते. बाबांना निदान भिण्यासारखं काहीतरी होतं. मला कशाची भीती होती? की मेळाव्याला चार नावं कमी येतील?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. २०२५ मध्ये दिल्लीला संमेलन झालं तेव्हा वॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरले. आनंदाचीच गोष्ट आहे. पण आपल्या पोरांना मराठी यावी असं वाटत असेल, तर मराठीत काही खरं बोललं जातं, ज्याच्यावर घरी जाताना गाडीत भांडण होतं, हेही त्यांना दिसायला हवं. नुसत्या गमतीजमती ऐकायला त्यांच्याकडे इंग्रजीत खूप काही आहे.

यंदा मी पुन्हा कमिटीवर आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला एक लेखिका येणार आहेत. गेल्या महिन्यात त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. किती वेळ हवा, आणि तिखट चालतं का? विषय त्यांनी आपणहून सांगितला. तो ऐकून आमच्यातले दोघे-तिघे जरा अस्वस्थ आहेत. त्यांनी समोर बसावं, आणि भाषण संपलं की पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा, असं मी त्यांना सांगितलं आहे. माईक त्यांच्याकडे पोचवायचं काम हायस्कूलमधल्या मुलांचं.

भाषण जेवणाआधी आहे. पोळ्या गार झाल्या तर जबाबदारी माझी.